क्रिच येथील ट्रामगाड्यांचा जीर्णोद्धार

गेल्या उन्हाळ्यांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां इंग्लंडांत डर्बी शहरीं महिनाभर राहिलों. लंडनचे राजवाडे व पदार्थसंग्रहालयें यथासांग पाहून झालीं. त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील, म्हणून तीं येथें देत नाहीं. मात्र डर्बीच्या उत्तरेस क्रिच नांवाचें जें खेडें आहे, तेथें पाहिलेलें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

खेड्यालगत चुनखडीची एक जुनी खाण आहे, आणि त्या खाणींत ट्रामगाड्यांचें संग्रहालय वसविलें आहे. प्रवेशाचे पैसे भरतांच दारावरील बाईंनीं आमच्या हातावर जुन्या चलनाची एकेक पेनी ठेविली. ही कशाला, असें विचारतां त्या म्हणाल्या, "ट्रामचें भाडें." गाडींत बसल्यावर कंडक्टर ती पेनी घेतो व कागदी तिकीट देतो, त्या तिकिटावर दिवसभर हवें तितकें हिंडावें. आमच्या मंडळींस ती पेनी नातवाला दाखवावयास हवी होती. पण भाडें तें भाडें!

चालकानें पायानें घंटा वाजविली, गाडी हालली, आणि माझ्या डोळ्यांपुढें एकदम दादर उभें राहिलें. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ रोजीं घोड्यांच्या बळावर सुरू झाली, ७ मे १९०७ रोजीं विजेवर चालूं लागली, १९२० मध्यें तिच्यावर माडी चढली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी करून ती कायमची थांबली. मी तेव्हां सहा वर्षांचा होतों. माझे चुलते दादाकाका ट्रामवर कंडक्टर होते. त्या दिवशीं त्यांची पाळी नव्हती. त्यांच्या खांद्यावर बसून मीं गर्दी पाहिली, एवढेंच स्मरतें. गाडी दिसली कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. घरीं आल्यावर काका जेवले नाहींत, असें आई पुढें सांगत असे.

ज्या वर्षीं आमची ट्राम थांबली, त्याच वर्षाच्या जुलैमध्यें क्रिचच्या खाणींत विजेची ट्राम प्रथम धांवली! हें तेथें कळलें तेव्हां मन चरकलें. त्याचें मूळ असें. १९४८ सालीं साउथॅम्प्टन शहरांतील ट्रामच्या निरोपाच्या सहलीस कांहीं शौकीन मंडळी गेली होती. त्यांनीं ४५ क्रमांकाची गाडी दहा पौंडांस विकत घेतली. ही गाडी १९०३ सालची. शहराच्या प्राचीन वेशीच्या कमानीखालून जातां यावें म्हणून मुद्दाम बुटकी बांधलेली. माडीवर छप्पर नाहीं, आणि उतारूंनीं पाठीला पाठ लावून बसावयाचें. गाडी घेतली खरी, पण ठेवावयाची कोठें? कित्येक वर्षें ती परक्यांच्या आश्रयानें राहिली. १९५५ सालीं मंडळींनीं रीतसर संस्था स्थापिली, आणि १९५९ सालीं त्यांस ही खाण मिळाली. आज तेथें साठांहून अधिक गाड्या आहेत.

तेथील कारखान्याचें काम सज्जांतून पाहतां येतें, व मी तेथेंच अधिक वेळ रमलों. निकामी ट्रामचे सांगाडे त्या देशीं शेतकऱ्यांनीं व बागवानांनीं स्वस्तांत नेले, आणि त्यांत अवजारें ठेविलीं, कोंबड्या पाळल्या. असा एखादा सांगाडा सांपडला म्हणजे कामास आरंभ होतो. कुजलेलें लांकूड तेवढें काढून त्याच मापाचें नवें बसवावयाचें. धडधाकट जुनें असेल तें टाकावयाचें नाहीं. चाकें व मोटारी बहुधा केव्हांच भंगारांत गेलेल्या असतात, त्या अन्यत्र शोधाव्या लागतात. मोटारीच्या तारा पुन्हां गुंडाळावयाच्या. मग रंगाचा थर द्यावा, घांसावा, पुन्हां द्यावा. शेवटीं सोनेरी अक्षरें व वार्निश. एकेका गाडीस वर्षें लागतात, आणि पैसा बराचसा देणग्यांतून उभा राहतो. माझ्याच वयाचा एक गृहस्थ पितळी कठडा पुशीत होता. वेतन विचारलें तर हंसला. देवळाच्या बाबतींत आपण जीर्णोद्धार हा शब्द वापरतों. तो येथें वापरण्यास मला तरी संकोच वाटत नाहीं.

तो कठडा पाहून मात्र माझी मान खालीं गेली. काकांच्या पश्चात् घराच्या वांटण्या झाल्या, तेव्हां त्यांच्या पेटींतील पितळी बिल्ला आणि तिकिटांस भोंक पाडण्याचा चिमटा मीं जुन्या भांड्यांबरोबर मोडींत घातला. पैसे मींच मोजून घेतले. कोणीं सांगितलें नव्हतें, कोणीं अडविलेंहि नाहीं.

बेस्ट उपक्रमानें मुंबईंत आणिक आगारांत ट्राम व बसगाड्यांचें संग्रहालय उभारलें. तें पाहावयास आपल्यांपैकीं किती जण मुलांना घेऊन गेले? क्रिचप्रमाणें चालती गाडी पुन्हां रुळांवर आणणें मोठ्या खर्चाचें काम आहे, हें मी जाणतों. पण ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें ट्रामवर होतीं, त्यांच्या माळ्यावर एखादा बिल्ला, पास, नेमणुकीचें पत्र, गणवेशांतील छायाचित्र अजून असेल. तें मोडीस वा रद्दीस देण्यापूर्वीं संग्रहालयास विचारावें, आणि कोणाचें, कोणत्या मार्गावरचें, हें पाठीमागें लिहून ठेवावें, ही विनंती.

परत आल्यावर मीं काकांची पेटी पुन्हां उपसली. त्यांच्या संध्येच्या पोथींत खुणेसाठीं घातलेलें ट्रामचें एक तिकीट निघालें. कागद पिवळा पडला आहे, पण क्रमांक वाचतां येतो. तें घेऊन मी येत्या महिन्यांत नातवासह मुंबईस जाणार आहें.