धबधब्यामागची वीस मिनिटे

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे लोटली, तरी माझ्या यजमानांचे पाऊल अजून जपूनच पडते. तारुण्यात सह्याद्रीतील कितीतरी गड चढून आलेले हे गृहस्थ आता काठीच्या आधाराने चालतात आणि त्यांच्यामागून मी, एक हात सतत पुढे करून. अशा स्थितीत लंडनला राहणाऱ्या कन्येने जूनमध्ये आइसलँडला जाण्याचा बेत मांडला, तेव्हा मी आधी नकारच दिला. उत्तर अटलांटिकमधील ते बेट म्हणजे ज्वालामुखी, हिमनद्या आणि बेफाम वारा! परंतु डॉक्टरांनी अनुमती दिली आणि यजमान एवढेच म्हणाले, "मला सांभाळ, पण थांबवू नकोस."

राजधानी रेक्याविकला मुक्काम ठेवून रोज एकाच दिशेला जायचे, असे आम्ही ठरवले. पहिल्या दिवशी थिंगवेलिर पाहिले. इ. स. 930 मध्ये येथे उघड्या आकाशाखाली आइसलँडची लोकसभा प्रथम भरली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट येथे वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकत आहेत आणि त्यामुळे पडलेल्या भेगा साध्या डोळ्यांना दिसतात. काळ्या कड्यांमधून उतरणारी वाट आम्ही सोडून दिली आणि वरच्या कठड्यापाशी उभे राहूनच खोरे न्याहाळले.

तेथून स्ट्रोक्कुर या उष्णोदकाच्या कारंज्याकडे गेलो. स्ट्रोक्कुर म्हणजे लोणी काढण्याचे घुसळण्याचे भांडे. दर काही मिनिटांनी निळसर पाण्याचा घुमट फुगतो आणि क्षणार्धात उकळता स्तंभ आकाशात झेपावतो. एकाच जागी उभे राहून पाहण्याजोगे हे दृश्य! यजमानांनी काठीवर हनुवटी टेकवून ते पाच वेळा पाहिले. गुल्फॉस हा सुवर्ण धबधबा दोन टप्प्यांत 32 मीटर कोसळतो. त्याच्या जवळ नेणाऱ्या पायऱ्या तुषारांनी ओल्या होत्या, म्हणून तोही आम्ही वरूनच पाहिला.

दुसऱ्या दिवशी दक्षिण किनाऱ्यावरील सेल्यालंड्सफॉसला गेलो. सुमारे 60 मीटर उंचीच्या या धबधब्याच्या मागून जाता येते. मात्र वाट ओली, दगडांची आणि निसरडी. यजमान त्या वाटेकडे बराच वेळ पाहत राहिले. माझा हात सवयीने पुढे झाला. ते म्हणाले, "हे आता माझ्याच्याने व्हायचे नाही. तू जा."

"अहो, तुम्हाला सोडून?"

"लेक आहे ना जवळ. जा, आणि आलीस की सगळे सांग."

दोन वर्षांत मी त्यांना सोडून अर्धा तासही निर्धास्तपणे कोठे गेले नव्हते. त्या दिवशी एक हात कठड्यावर ठेवून हळूहळू गेले. दुसरा हात कितीतरी दिवसांनी मोकळा होता. पाण्याच्या पडद्याआडून हिरवे माळ थरथरताना दिसत होते. चष्मा भिजला; पुसावासा वाटला नाही. वीस मिनिटांनी परतले, तेव्हा यजमानांपाशीही सांगण्यासारखे होते. तुषारांत उमटलेले इंद्रधनुष्य त्यांना समोरून दिसले होते, मला आतून नाही.

सायंकाळी गावातल्या तरणतलावावर गेलो. भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या पाण्याचे असे तलाव गावोगावी आहेत. वृद्ध मंडळी उष्ण कुंडांत बसून निवांत गप्पा मारतात, जणू आपल्याकडचा पारच! पोहण्याचे कपडे घालण्यापूर्वी साबणाने स्वच्छ स्नान करणे मात्र तेथे सक्तीचे असते. 38 अंशांच्या कुंडात यजमान दहा मिनिटे बसले आणि त्यांच्या आखडलेल्या पायाला आराम वाटला.

अशा प्रवासास निघणाऱ्यांना काही सुचवावेसे वाटते. हृदयविकार वा रक्तदाब असल्यास उष्ण कुंडाविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यातून एकदम उठू नये, चक्कर येऊ शकते. जूनमध्ये तेथे रात्री काळोख होत नाही. म्हणून झोपताना डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि औषधे उजेडावर विसंबून नव्हे, तर घड्याळ पाहून घ्यावीत. वाऱ्याने मोटारीचे दार हातातून हिसकले जाते, तेव्हा वृद्धांना उतरवताना दार दुसऱ्याने धरावे. आणि वाट अवघड असेल, तर जावे की थांबावे हे आपण परस्पर न ठरवता त्यांनाच विचारावे.

परतल्यापासून आठवड्यातून दोनदा शेजारचे गृहस्थ यजमानांशी बुद्धिबळ खेळायला येतात आणि मी एकटीच फिरायला जाते. परत आले की यजमान पहिला प्रश्न करतात, "आज काय पाहिलेस?"