हॅट डोक्यावर, जोडे दाराबाहेर

झाशीतल्या जुन्या मराठी घरांत देवापुढे मराठी, अंगणात बुंदेली आणि शाळेच्या वहीत हिंदी चालते. अशाच एका घरातल्या बाई पुढे शाळेत इंग्रजी शिकवू लागल्या. 1842 साली राणी लक्ष्मीबाईचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथे त्या लहानपणी आजोबांबरोबर जात. राणीला भेटायला आलेल्या ‘गोऱ्या वकिला’ची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा आजोबांच्याच तोंडून ऐकली.

हा वकील म्हणजे जॉन लँग. 1816 मध्ये सिडनीजवळच्या पॅरामॅटा इथे जन्मलेला बॅरिस्टर, कादंबरीकार आणि ‘मोफुसिलाइट’ या वृत्तपत्राचा संपादक. ज्योतीप्रसाद नावाच्या ठेकेदाराच्या बाजूने 1851 मध्ये त्याने कंपनी सरकारला कोर्टात हरवलं होतं. त्यामुळे दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा झाल्यावर, 1854 मध्ये राणीने त्याला बोलावून घेतलं.

कॉलेजात बाईंच्या हाती लँगचं 1859 चं ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ पडलं आणि आजोबांची गोष्ट अपुरी निघाली. राणीसमोर जाताना जोडे काढावे लागतील, असं लँगला सांगण्यात आलं. तो वकीलच, त्याने सौदा केला. जोडे काढतो, पण हॅट डोक्यावरच राहील! युरोपात आदर दाखवायला डोकं उघडं करतात, इथे पाय. दोन्ही रिवाज एकाच दारात आमनेसामने आले आणि तोडगा निघाला. पुढे पडद्याआडून बोलणं सुरू असताना राणीच्या दत्तक मुलाने, लहानग्या दामोदरने पडदा बाजूला सारला आणि लँगला राणी ओझरती दिसली. तिने झाशी सोडणार नाही म्हणून ठणकावल्याचं त्याने नोंदवलं आहे. तिच्या बांध्याविषयी आणि आवाजाविषयीही तो लिहून गेला, तेही फारसं गोड नाही.

बाईंनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा ‘जगाची ओळख’ म्हणजे लंडनची बस आणि नाताळचा केक. नंतर शाळांमध्ये देशोदेशीचे पोशाख घालून मिरवायचे दिवस आले. मजा येते, फोटो छान निघतात. इंग्रजी मात्र आदल्या दिवशी होतं तिथेच राहतं. बाईंनी वर्गाला लँगचं ते प्रकरण वाचून दाखवलं. राणीचा आवाज कर्कश? शेवटचा बाकसुद्धा चवताळून उठला! “रागावलात ना, मग त्याच्या भाषेत उत्तर लिहा,” बाई म्हणाल्या. व्याकरणाच्या तासाला पेंगणारी मुलं विशेषणांसाठी शब्दकोश उपसू लागली. कुणी विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’चा दाखला दिला. झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या, वरसईहून आलेल्या या भटजीने पाहिलेली राणी मुलांना इंग्रजीत मांडायची होती.

2014 च्या नोव्हेंबरात भारताच्या पंतप्रधानांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना लँगने राणीच्या वतीने केलेल्या अर्जाशी संबंधित कागदपत्रं भेट दिली आणि मसुरीत पुरलेला हा माणूस बातम्यांत आला. बाईंचा भाचा तेव्हा सिडनीत राहत होता. त्याच्या मुलीच्या वर्गाने लँगचं नावही ऐकलं नव्हतं. म्हणजे झाशीच्या मुलांकडे प्रथमच असं काही होतं, जे समोरच्यांना त्यांच्याच देशाबद्दल सांगता येईल. ईमेल सुरू झाल्या. देवाणघेवाण खरी इथून सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी नुसती घेवाणच होती.

तिकडून प्रश्न आला, जोडे का काढायचे? उत्तरात देऊळ, स्वयंपाकघर, आजीचा ओरडा, सगळं आलं. मग झाशीने विचारलं, हॅटचा एवढा हट्ट कशाला? लँगच्या मनातलं तिकडच्या मुलांना काय ठाऊक. पण त्यांनी कळवलं की त्यांच्या शाळेत नियमच आहे, हॅट नसेल तर मैदानावर खेळायचं नाही, कारण तिथलं ऊन कातडी भाजून काढतं.

झाशीत उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि प्रार्थनेला मुलं उघड्या डोक्याने उभी असतात. त्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक अर्ज आला. सकाळच्या प्रार्थनेला टोपी घालू द्यावी, अशी विनंती, स्वच्छ इंग्रजीत, मुद्देसूद, खाली अख्ख्या वर्गाच्या सह्या. जोडे बाहेर काढून ठेवायची तयारीही त्यात कळवलेली होती.