पळी वेगळी, पंगत एक

आमच्या कारखान्यातील कामगारांची पतपेढी आहे. तिच्या बैठकीच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे असते. काम किरकोळ वाटते, पण एका बैठकीने मला चांगलाच धडा शिकवला.

रविवार होता आणि पौर्णिमाही. कर्जाच्या अर्जांवर चर्चा लांबली. एकचे जेवण अडीचला गेले. मधुमेह असलेल्या एका ताईंनी गोळी घेतली होती. त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. साखरपाणी दिले म्हणून निभावले. एका काकांनी अष्टशील घेतले होते. ते बारानंतर जेवत नाहीत. कोणाला काही न बोलता ते उपाशीच घरी गेले.

आणि मांसाहाराचे टेबल कुठे? बाहेर, हात धुण्याच्या नळापाशी! तिथे उभे होतो आम्ही बौद्ध आणि मुसलमान बांधव. घरी आवडीने मटण खाणारे इतर कितीतरी जण त्या दिवशी मुकाट्याने आतच जेवले. माझ्या घशाखाली घास उतरेना. गावच्या शाळेत माझ्या वडिलांच्या ओंजळीत पाणी वरून ओतत, ते आठवले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच दिवशी मंडपात जेवत असलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले. तेव्हा प्रश्न तहानभुकेचा नव्हता, माणुसकीचा होता. आणि इथे व्यवस्था करणारा तर मीच होतो! टेबल कुठे मांडायचे हे मी आचाऱ्यावर सोडले होते. दोष कोणाला देऊ?

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो दमूनभागून, उपाशी पोटी धम्म ऐकायला आला. भगवान बुद्धांनी त्याला आधी जेवू घालायला सांगितले, मगच उपदेश केला. भुकेल्या पोटी धम्मसुद्धा ऐकू येत नाही, तिथे पतपेढीचा ताळेबंद काय ऐकू येणार?

आता मी आठ दिवस आधी प्रत्येकाला विचारतो: काय चालत नाही? किती वाजता जेवावे लागते? पथ्य काय? बैठक सकाळी साडेनऊला, जेवण सव्वाअकराला. भाकरी, पालेभाजी असतेच. जैन सभासदांसाठी कांदा, लसूण, बटाटा नसलेली भाजी होते. मटण हलालच्या दुकानातून येते. रमजानमध्ये आम्ही जेवणाची बैठक ठेवत नाही. शाकाहारी मंडळींची भांडी, पळ्या वेगळ्या असतात. तो त्यांच्या आचाराचा मान आहे. पण टेबले एकाच खोलीत, एकाच रांगेत.

पळी वेगळी असावी, माणूस वेगळा काढू नये. बंधू-भगिनींनो, मंडळाची सभा असो, लग्न असो की विहारातला कार्यक्रम, आमंत्रण देताना एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. परवाच्या बैठकीत ते काका साडेअकराला पोटभर जेवून उठले. जाताना म्हणाले, "बाळा, आज सभेत बसल्यासारखं वाटलं."