खुशाली

इरिंगा हे टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातलं गाव. दार-ए-सलामहून येणारी मोटार मिकुमीचं अभयारण्य ओलांडते, गोरखचिंचांनी भरलेल्या खोऱ्यातून जात किटोंगाचा घाट चढते आणि हवा एकदम बदलते. उंची साधारण १,६०० मीटर. गाव वर कड्यावर, छोटी रुआहा नदी खाली. त्या नदीकाठी १९९४ च्या जून-जुलैत आम्ही चौघं तंबूत राहिलो. माझे वडील, अण्णा, तिथे स्वाहिली शिकत होते.

ते पाण्याच्या योजनांचे इंजिनिअर. साताऱ्यातली नोकरी सोडून खेड्यांत बोअर आणि हातपंप बसवायच्या कामावर तिकडे गेले. शहरातल्या कचेरीत इंग्रजीवर भागलं असतं, खेड्यात कसं भागणार? म्हणून आधी भाषाशाळा आणि मग काम. शाळेच्या आवारात खोल्या थोड्या होत्या, तंबूला जागा भरपूर आणि भाडं नावाला.

तिकडचे ते थंडीचे महिने. पहाटे कनातीच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकायचं, आणि धाकट्या भावाच्या अंगावर दोन स्वेटर चढवूनही त्याचे दात वाजायचे. आई बाहेर जिकोवर, म्हणजे तिथल्या कोळशाच्या शेगडीवर, स्वयंपाक करायची. पांढऱ्या मक्याचं पीठ भाकरीला चिकटपणाच धरायचं नाही. शेवटी तिने उकड काढून मळायला सुरुवात केली, तेव्हा कुठे भाकरी थापता यायला लागली. बेसन इरिंगातल्या गुजराती दुकानातून यायचं. बाजारात 'म्चिचा'ची जुडी पाहिली आणि ती हरखलीच. तो आपला माठ होता. संध्याकाळी दक्षिणेला त्रिशंकू चांगला वर आलेला दिसायचा. साताऱ्याला उन्हाळ्यात तो जेमतेम डोंगराच्या वर डोकं काढतो.

अण्णा अबोल होते. रागीट अजिबात नव्हते, पण त्यांचं आमच्याशी बोलणं आईमार्फत चाले. "तिला विचार, वह्या आणायच्यात का." "तो जेवला का?" मी समोर बसलेली असले तरी प्रश्न आईलाच. त्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हेच होतं. वेशीवर भेटलेल्या माणसाला आपण 'काय, बरं हाय का, पोरंबाळं बरी हाईत का' असं भरभरून विचारतो, आणि घरातल्या पोराला विचारायला बापाकडे 'अभ्यास झाला का' एवढंच उरतं.

स्वाहिलीत तसं चालत नाही. म्वालिमु, म्हणजे अण्णांच्या बाई, पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीवर अडून बसल्या: खुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. धाकट्याने थोरल्याला 'शिकामो' म्हणायचं, थोरल्याने 'माराहाबा' म्हणून ते स्वीकारायचं, आणि मग पायरीपायरीने पुढे. रात्र कशी गेली? घरचं काय? मुलांचं काय? कामाचं काय? अण्णा एकदा नदीवर पाणी भरणाऱ्या माणसाला नुसतं "पाणी किती खोल?" विचारून मोकळे झाले, तर बाईंनी त्यांना परत पाठवलं. जा, आधी त्याच्या घरचं विचारून या.

सराव कुणावर करायचा? आम्ही होतोच. वर्ग सुटला की अण्णा तंबूपुढच्या घडीच्या स्टुलावर ताठ बसायचे आणि मला बोलावायचे. मी "शिकामो" म्हणायचे. ते गंभीरपणे "माराहाबा" म्हणायचे, माझा हात हातात घ्यायचे, तिकडच्या रीतीप्रमाणे सोडायचे नाहीत, आणि विचारायचे, "हबारी या कुलाला?" झोप कशी झाली? हबारी या शुले? शाळा कशी? हबारी या मामा? आई कशी? माझं वय अकरा होतं. इतका वेळ त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नव्हतं. ते माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघायचे, कारण उत्तर नीट ऐकणं हाही गृहपाठाचा भाग होता. उत्तर ठरलेलं असतं: न्झुरी, छान. काही बिनसलं असलं तरी आधी न्झुरीच म्हणायचं, आणि मग 'लाकीनी', म्हणजे 'पण', म्हणून खरं काय ते सांगायचं. धाकटा रोज न्झुरी म्हणायचा, लाकीनी म्हणायचा आणि माकडाने पळवलेल्या केळ्याची तक्रार करायचा. अण्णा हसायचे. मोठ्याने.

त्यांना माया नव्हती असं मला कधीच वाटलं नाही. ती व्यक्त करायला त्यांच्यापाशी घडीव वाक्य नव्हतं. ते त्यांना परक्या मुलखात चाळिशीत मिळालं, आणि त्यांनी ते धड्यासारखं पाठ केलं.

संध्याकाळी रेडिओ लागायचा, तोही अभ्यासासाठीच. त्या वर्षी रवांडात कत्तल चालली होती आणि लाखो माणसं सीमा ओलांडून टांझानियात, न्गाराकडे आली होती. अण्णांना बातम्यांतला लाखाचा आकडा आधी कळला, कारण स्वाहिलीतही लाखाला 'लाकी'च म्हणतात. बाकीची बातमी दुसऱ्या दिवशी बाईंनी समजावून सांगितली. त्या संध्याकाळी त्यांनी आमची खुशाली दोनदा विचारली.

एका रविवारी बाई आम्हाला कालेंगाला घेऊन गेल्या. हेहे लोकांच्या म्क्वावा राजाने १८९१ साली जर्मन फौजेचा लुगालोला पाडाव केला, पुढे अनेक वर्षं रानावनांतून झुंज दिली आणि १८९८ मध्ये पकडले जाण्याआधी स्वतःला संपवलं. त्याचं शिर जर्मनीला नेलं गेलं. ते परत द्यावं असं १९१९ च्या व्हर्सायच्या तहात लिहिलेलं होतं, तरी कवटी घरी, कालेंगाला, यायला १९५४ साल उजाडलं. काचेच्या पेटीत ठेवलेली ती कवटी दाखवण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या माणसाने आमच्या घरची, साताऱ्याची, पिकापाण्याची चौकशी केली. अण्णांनी सगळी उत्तरं न अडखळता दिली. पुढे पेटीपुढे ते इतका वेळ उभे राहिले की आईला त्यांना हाक मारावी लागली.

साताऱ्याला परतल्यावर ते पुन्हा गप्प झाले. पण मी पुण्याला आल्यावर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. हबारी या न्युम्बानी? हबारी या काझी? घरचं काय, कामाचं काय? ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने, आणि मग "घे, आईशी बोल." प्रत्येक न्झुरीनंतर ते क्षणभर थांबायचे. माझं लग्न मोडायच्या बेतात होतं तेव्हा एका रविवारी मी 'लाकीनी' म्हटलं आणि पुढचं सगळं मराठीत सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विनाथांबा गाडीने स्वारगेटला उतरले, हातात आईने दिलेला डबा. काही विचारलं नाही, सल्ला दिला नाही. आठवडाभर राहिले, रोज भाजी आणली आणि गेले.

मागच्या वर्षी आषाढात ते झोपेतच गेले.

महिन्याभराने त्यांच्या मोबाइलवर इरिंगाहून फोन आला. बोअरच्या गाडीवर त्यांच्यासोबत काम केलेला एक सहकारी, आता म्हातारा झालेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी "शिकामो" म्हटलं. त्याने घरचं विचारलं, आईचं, भावाचं, पावसाचं. मी एकेक न्झुरी देत गेले, कारण मध्येच तोडून ती बातमी सांगणं मला अण्णांसमोर उद्धटपणाचं वाटलं असतं. मग त्याने बाबांचं विचारलं. मी सांगितलं, अमेफारीकी. वारले. तो खूप वेळ "पोले, पोले साना" म्हणत राहिला. मग त्याने पहिल्यापासून पुन्हा विचारायला घेतलं. घरचं काय? आईचं काय? ती जेवते का? तिच्यापाशी बसायला माणसं येतात का? या वेळी न्झुरी नव्हतं. तुटक्या स्वाहिलीत जमेल तसं मी सगळं खरं सांगितलं: आई रात्री दिवा मालवू देत नाही, त्यांच्या चपला दारातून हलवू देत नाही, आणि मला रविवारी काय करावं कळत नाही. त्याला किती कळलं कोण जाणे. तो हुंकार देत राहिला.

आता रविवारी मी टोरांटोला धाकट्याला फोन करते. तंबूतलं त्याला एक ते माकड आठवतं. "हबारी या न्युम्बानी?" विचारलं की तो न्झुरी म्हणतो, पुढचा शब्द विसरतो, "पण" म्हणतो, आणि पोरीला दोन दिवस ताप आहे हे सांगायला लागतो.