परांची आणि टेकू

मला एक विचित्र छंद आहे. परांचीचे फोटो काढण्याचा. लोक सूर्यास्त टिपतात, फुलं टिपतात, मी बांधकामाभोवतीचे बांबू टिपतो. घरचे हसतात. हसू देत...

भिवंडीत या छंदाला खाद्य भरपूर. यंत्रमागांची खडखड ऐकतच मोठा झालो, त्यामुळे असेल, पण उभे-आडवे बांबू बघितले की मला ताणा-बाणाच दिसतो. सुंभाच्या गाठी, हिरवी जाळी, दुपारच्या उन्हात भिंतीवर पडलेल्या सावल्यांच्या चौकटी.

एकदा परांची बांधणाऱ्याला विचारलं, मध्येच हा तिरका बांबू कशाला? नक्षी बिघडते ना! तो म्हणाला, "तो काढला तर सगळं झुलेल." खरंच की. धक्का बसला की चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही.

2019 च्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. जुनी तीन मजली इमारत, तळाला माग, वर माणसं. जिन्याखाली लोखंडी पाइपांचे टेकू लावलेले, एका ओळीत सात. कडेनं उजेड येत होता. झकास फोटो आला. मावशी म्हणाली, "अरे, ते कसले फोटो काढतोस? माझा काढ." नंतर काढतो म्हटलं आणि राहूनच गेलं.

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे आमच्या भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांसकट कोसळली. पस्तीसहून अधिक जीव गेले. त्या रात्री मी तो दिवाळीतला फोटो शोधून काढला. दुसऱ्या दिवशी मावशीकडे जाऊन त्याच जागेवरून तसाच दुसरा काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. आधीच्यात सातही टेकू सरळ. नव्यात तिसरा आणि चौथा कललेले. फार नाही, चार बोटं असतील.

परांचीतला तिरका बांबू मुद्दाम तिरका असतो. टेकू तिरका झाला, म्हणजे वरचं काहीतरी सरकलंय. मावशी रोज त्यांच्या शेजारून येत-जात होती. रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही.

मावसभाऊ ते फोटो घेऊन इंजिनिअरकडे गेला. महिन्याभरात मावशी भाड्याच्या खोलीत आली. ती इमारत अजून उभी आहे. मावशी दर महिन्याला भाडं देताना ऐकवते, "माझं तीस वर्षांचं घर तुझ्या फोटोनं घालवलं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते असूच नये, असंही वाटतं.

परांचीचे फोटो अजून काढतो. पण परांची काम झालं की उतरते. 'तात्पुरता' लावलेला टेकू मात्र तसाच राहतो, आणि हळूहळू तो घरातलाच एक खांब वाटू लागतो. म्हणून आता टेकू दिसला की फोटो काढून तारीख लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी पुन्हा जातो.

असो. गेल्या रविवारी मावशीचा फोटो काढला, नव्या खोलीच्या दारात. तोंड फुगवलेलं आहे, पण छान आलाय.