नानीचं पानदान

आमच्या रावेतच्या घरात बैठकीच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात चिनीमातीचे कप आहेत, अब्बांना कंपनीने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं घड्याळ आहे, आणि मधल्या फळीवर एक बिदरी पानदान. पानदानात पान नसतं. पान खाणारं घरात आता कुणी उरलेलं नाही.

पानदान नानीचं. तिचं माहेर बिदर, सासर उदगीर. १९५३ साली ती लग्न होऊन आली तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. तीन वर्षांनी भाषेवर राज्यांची वाटणी झाली. बिदर म्हैसूरकडे गेलं, उदगीर मुंबई राज्यात आलं. नानी म्हणायची, मी कुठं गेले नाही, माझं माहेरच दुसऱ्या राज्यात गेलं. ती घरात दखनी बोलायची, बाजारात मराठी, आणि माहेरी पत्र पाठवायचं तर कुणाकडून तरी उर्दूत लिहवून घ्यायची. आम्ही आज उर्दू शाळेत शिकवतो आणि हे मराठीत लिहितो, त्याची सुरुवात बहुधा त्या पत्रांपासूनच झाली असावी.

बिदरी काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, ही चांदीची भांडी. तसं नाही. भांडं जस्ताचं असतं. सोळा भाग जस्ताला साधारण एक भाग तांबं. साच्यात ओतायचं, कानशीने घासून गुळगुळीत करायचं, मग मोरचूद लावून तात्पुरतं काळं करायचं, म्हणजे त्यावर आखलेली वेलबुट्टी डोळ्यांना दिसते. त्या रेघांवरून छिन्नीने खाचा पाडायच्या आणि खाचेत चांदीची तार किंवा पत्र्याचे तुकडे ठोकून बसवायचे. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्रा खोल बसवला तर तहनिशान. इथवर सगळं भांडं राखाडी दिसतं, चांदी कुठे आणि जस्त कुठे हे नीट कळतही नाही. खरा प्रकार शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती, जिथे ऊन-पाऊस लागलेला नाही अशा जागेची, नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम केलेल्या भांड्याला चोळतात. जस्त काळंभोर होतं. चांदीला काही होत नाही. माती चांगली की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात.

नानीच्या पानदानावर झाकणभर फुलांची वेल होती. आम्ही लहान असताना दुपारी ती पान लावायला बसली की आम्ही बोटाने त्या वेलीवरून प्रवास करायचो.

२०१६ साली काळेवाडीतल्या दोन खोल्या सोडून आम्ही रावेतला राहायला आलो. चौथा मजला, लिफ्ट, गॅलरीतून लांबवर पवनेची झाडी. आमच्या खानदानातला हा पहिला फ्लॅट. कुराणखानी ठेवली होती, शाळेतले सहकारी येणार होते, सोसायटीतली दोन-चार घरंही. अम्मीला नानीने पानदान देऊन टाकलं होतं, ते पेटीतून निघालं. वर्षानुवर्षांचं धुळकटलेलं. आम्हाला वाटलं, चांदीची वस्तू आणि अशी काळी! नव्या कपाटात ही कशी शोभणार? पितळ उजळायची भुकटी आणि काथ्या घेतला आणि एक आख्खी दुपार बेसिनपाशी उभं राहून ते घासलं. काळं पाणी वाहत राहिलं. आम्हाला वाटलं मळ निघतोय. बी.एड. झालेली माणसं आम्ही, पण कुणाला तरी विचारावं हे सुचलं नाही.

संध्याकाळी नानी आली. उदगीरहून एस.टी.ने, पायांना सूज. कपाटापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ये किसका पानदान है?"

आम्ही हसलो. म्हटलं, नानी, तुमचंच. तिने झाकण उचलून आतल्या चुन्याच्या, काताच्या वाट्या पाहिल्या तेव्हा तिला पटलं. काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस ती आमच्याकडे राहिली आणि आठही दिवस सुपारी प्लॅस्टिकच्या डबीतून खाल्ली. २०१९ मध्ये ती गेली.

राखाडी जस्तावर पांढरी चांदी दिसत नाही, एवढी साधी गोष्ट. वेल गेली नव्हती, पण दिसेनाशी झाली होती.

हे आम्ही विसरलोही असतो. पण एका ईदला सोसायटीतले एक शेजारी शीरखुर्म्याला आले. चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर, कामासाठी रशियाला जाऊन आलेले. कपाट पाहून त्यांनी मोबाइलवर मॉस्कोच्या एका संग्रहालयातले फोटो दाखवले. "सर, ही टोपली बघा. कशाची असेल?" झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी विणलेली पावाची टोपली, त्यावर टाकलेला कापडी रुमाल, त्याच्या घड्या, कडेची वीण. आम्ही म्हटलं, साधी खेड्यातली टोपली. ते म्हणाले, टोपली चांदीची, रुमालही चांदीचा.

मग आम्ही त्याविषयी मिळेल ते वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात हा शौक होता. खेडुतांच्या वस्तू, लाकडी खुर्चीच्या घाटाची मीठदाणी, होडीसारखा किंवा बदकासारखा दिसणारा कोव्श नावाचा लाकडी पळा, हे सगळं सोनार चांदीत घडवत आणि ते अमिरांच्या मेजावर मांडलं जाई. मॉस्कोत १८५३ साली कारखाना काढणारा पावेल ओव्चिनिकोव्ह त्यातला मोठा कारागीर. तो स्वतः भूदासाच्या, म्हणजे जमिनीबरोबर धन्याच्या मालकीच्या असलेल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. ती प्रथा १८६१ मध्ये बंद झाली. आम्हाला हा शौक जरा खटकलाच. सालीची टोपली विणणाऱ्या बाईला चांदीच्या टोपलीतला पाव कुणी दिला असेल असं वाटत नाही. पण भूदासाच्या मुलाने ती रुमालाची घडी इतकी हुबेहूब घडवली, ती घरात रोज पाहिल्याशिवाय घडवली नसणार, असंही वाटलं. त्याच देशात वेलिकी उस्त्युग गावची आणखी एक कला आहे. चांदी कोरून तिच्यात काळा मसाला भरतात. तिथे चांदीवर काळं, आमच्या बिदरला काळ्यावर चांदी. हे वाचलं त्या रात्री उठून आम्ही कपाटातलं ते राखाडी पानदान पाहिलं आणि शरम वाटली.

२०२३ च्या जानेवारीत बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. अम्मीने बातमी ऐकली आणि एवढंच म्हणाली, "ले के जाओ ना उसको."

मे महिन्याच्या सुट्टीत गेलो. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करत बिदर. चौबाऱ्याजवळच्या गल्लीत छिन्नीचा आवाज येत होता त्या दुकानात शिरलो. तिथल्या वयस्क चाचांनी पानदान उलटंपालटं केलं, अंगठ्याने झाकण चोळलं आणि विचारलं, "किससे घिसे?" आम्ही खरं सांगितलं. ते म्हणाले, सगळेच घासतात, शहरात गेलं की घासतात.

काळं परत येईल, असं त्यांनी सांगितलं. पण झाकणावरची दोन पानं घासण्यात की आणखी कशात निखळली होती, तिथे नुसत्या खाचा होत्या. चांदी बसवून देतो म्हणाले. मग स्वतःच थांबले. "पुराना हात है. मेरी पत्ती अलग दिखेगी." आम्ही म्हटलं, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर माती कालवली. पानदान तापवलं, कापडाने माती चोळली, पाण्यात बुडवून काढलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल. वेल जशी वर आली, तसे आम्ही दुकानाबाहेर जाऊन उभे राहिलो. चाचांनी तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून दिलं. त्यांचा चहा आला तो स्टीलच्या पेल्यात. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली होती, हे आम्ही त्यांना सांगत होतो. ते म्हणाले, हो, लोक येऊन सांगतात. नातू काय करतो विचारलं तर म्हणाले, हैदराबादला मोबाइलच्या दुकानात आहे.

शाळा सुरू झाल्यावर पानदान एक दिवस वर्गात नेलं. आठवीचा वर्ग. माती जिभेवर ठेवतात हे ऐकून मुली किंचाळल्या. हातोहात फिरताना एका मुलाने विचारलं, "सर, अंदर से काहे का है?" जस्ताचं म्हटल्यावर तो खूश झाला. "हमारे अब्बू भी जस्त ढालते, भोसरी में. गाडी के पुर्जे." शेजारच्याने त्याला कोपर मारलं, "तेरे अब्बू चांदी लगाते क्या?" वर्ग हसला.

पानदान शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी झाकण डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "सर, इधर दो पत्ते कम हैं." हो, म्हटलं, आणि झाकण लावलं.