मृत्यूच्या दरीत चाकांवरचं घर

दोस्तांनो, एखाद्या जागेचं नाव ऐकूनच पोटात गोळा आलाय का कधी? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अशी एक जागा आहे. तिचं नाव डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी! १८४९ साली सोन्याच्या शोधात निघालेले काही प्रवासी जवळची वाट म्हणून या दरीत शिरले आणि अडकून पडले. कसेबसे बाहेर पडताना त्यांनीच हे नाव ठेवलं, असं सांगतात.

१० जुलै १९१३ रोजी इथं ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जगातला सर्वांत जास्त तापमानाचा अधिकृत विक्रम तो हाच! इथल्या बॅडवॉटर नावाच्या ठिकाणी तुम्ही समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली उभे असता. पायाखाली पांढरंशुभ्र मीठ, आणि समोरच्या कड्यावर उंच लावलेली पाटी सांगते, 'समुद्राची पातळी इथं आहे.' मान वर करून समुद्र शोधायचा, आहे की नाही गंमत?

१९९४ पासून ही दरी राष्ट्रीय उद्यान आहे. ती पाहायला आम्ही गेलो एका मोटरहोममधून. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढं ड्रायव्हरची जागा आणि मागं स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, पलंग, चक्क न्हाणीघरसुद्धा! माझ्या स्नेह्यांनी ती जुनी घेतली होती. बरोबर त्यांची पत्नी आणि दोन मुलं होती. इथून पुढं योसेमिटीचे धबधबे पाहायचे, असा बेत होता.

स्टोव्हपाइप वेल्स हे ठिकाण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. तिथून पश्चिमेला निघालं की टाउन पास ही खिंड लागते. तिची उंची सुमारे १५०० मीटर! जेमतेम २५-३० किलोमीटरांत एवढा चढ. पूर्वी आपल्या खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या तुमच्या आजोबांनी नक्की पाहिल्या असतील. इथंही तीच गत. या भागातल्या मोठ्या चढांवर 'एसी बंद करा' अशा पाट्या दिसतात. पूर्वी तर रेडिएटरसाठी रस्त्याकडेला पाण्याच्या टाक्याच ठेवलेल्या असत.

आमचा काटा अर्ध्या चढावरच वर सरकू लागला. स्नेह्यांनी एसी बंद केला आणि उलट हीटर सुरू केला! बाहेर आधीच भट्टी, त्यात हीटर? पण त्याला कारण आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. ती उष्णता शोषून घेणारं पाणी पंपाच्या जोरावर रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं गार होऊन परत इंजिनात जातं. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तो लावला की थोडी उष्णता गाडीच्या आत निघून येते. आपण घामाघूम होतो, पण इंजिनाला जरा उसंत मिळते.

तरीही काटा उतरेना, तेव्हा गाडी कडेला घेतली. धाकटा म्हणाला, "बाबा, झाकण उघडून पाणी ओता ना!" त्याचे बाबा जवळजवळ ओरडलेच, "अजिबात नाही!" घरी शिट्टी होत असलेल्या कुकरचं झाकण आई कधी उघडते का? रेडिएटरचं झाकणही तसंच आतला दाब धरून ठेवतं. त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी थेट अंगावर उडतं.

मोबाइलला तर रेंजच नव्हती. या दरीत बहुतेक ठिकाणी ती नसतेच. पण गाडीत पिण्याचं पाणी भरपूर होतं. गाडी सोडून कुणीही चालत निघायचं नाही, हा वाळवंटातला पहिला नियम आम्ही पाळला. संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर पाणी भरलं आणि थांबत थांबत खिंड ओलांडून एक गाव गाठलं.

तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं, "रेडिएटरच्या निम्म्या नळ्या गाळानं बुजल्यात. नवाच बसवावा लागेल." खर्च हजारांत, तोही डॉलरचा! इतका का? एक तर एवढी उंच नि जड गाडी साध्या गॅरेजमध्ये मावत नाही. दुसरं म्हणजे अशा गाडीचा सांगाडा एका कंपनीचा, वरचं घर दुसऱ्याच कंपनीचं. त्यामुळे जुने भाग शोधावे लागतात. आणि रेडिएटर काढायचा तर आधी पुढचं बरंच काही सोडवावं लागतं. तिथं मजुरी तासावर मोजतात.

मेकॅनिक पुढं म्हणाला, "पाण्याचे रबरी पाइप, पट्टा आणि थर्मोस्टॅटही आत्ताच बदला." थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याला वाट देणारी छोटी झडप.

मुलीनं विचारलं, "पण ते फाटले कुठं आहेत?"

"नाही फाटले. पण रेडिएटर काढलाय म्हणून ते हाताशी आलेत. उद्या फाटले तर हीच मजुरी पुन्हा, आणि गाडी ओढून आणायचा खर्च वेगळा!"

जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला गेला. सगळी दुरुस्ती केली तर योसेमिटीचे पैसे उरत नव्हते. नुसती गाळ धुऊन डागडुजी केली तर योसेमिटी दिसलं असतं, पण वाटेत पुन्हा तसेच चढ होते. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, धबधबे कुठं पळून जात नाहीत."

गाडी दुरुस्तीला चार दिवस लागले. मुलं मेकॅनिकच्या मागं मागं हिंडून प्रत्येक भागाचं नाव शिकली. मग आम्ही सरळ घरची वाट धरली. वाटेत चढ लागले, पण काटा मधोमध स्थिर होता.

तुमच्या घरी गाडी असेल, तर पुढच्या सहलीआधी आई-बाबांना एवढंच विचारा, "रेडिएटरचं पाणी पाहिलंत का?" आणि हो, इंजिन गार असतानाच बघायचं बरं का!